सव्वापाच फुटी पलंग

सुताराच्या हाताखाली लागलो म्हणजे लाकडाशी संबंध येईल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिले काही आठवडे माझा संबंध आला तो जिन्याशी. बिल्डिंगला लिफ्ट लागायची होती. लिफ्टच्या जागी खालपासून वरपर्यंत एक काळा चौकोनी खड्डा होता आणि त्याच्यावर आडव्या फळ्या ठोकल्या होत्या. प्लायचा आठ बाय चारचा तक्ता टेम्पोतून उतरवायचा, डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर तोलायचा आणि तिसऱ्या मजल्यावर न्यायचा. जिन्याच्या प्रत्येक वळणावर तो अडायचा. मग तो उभा करायचा, छातीशी धरून नाचवल्यासारखा फिरवायचा आणि परत डोक्यावर घ्यायचा. बारावीला मी सायन्सला नापास झालो होतो. त्यातलं बलांचं संतुलन मला त्या जिन्यात समजलं, पण तिथे परीक्षा घ्यायला कुणी आलं नाही.

मिस्त्रीचं नाव पास्कल. वसईतल्या एका वाडीतला, पन्नाशीचा, काटकुळा माणूस. कानामागे पेन्सिल, आणि शर्टाच्या खिशात दुसरी पेन्सिल, पहिली हरवली तर. त्याचा बाप देवळातले, म्हणजे चर्चमधले, बाक करायचा, आणि बाक नसले की शवपेट्या. पास्कल मिस्त्री सांगायचा, “बाक आनि पेटी, दोन्हीत मानूस गप बसतो, तक्रार येत नाय.” तो मला नावाने हाक मारत नसे. सगळ्या हेल्परांना त्याने ‘पोरा’ हे एकच नाव ठेवलं होतं, कारण हेल्पर टिकत नाहीत आणि नवीन नाव पाठ करण्यात वेळ जातो. माझी कामं म्हणजे जुने खिळे हातोडीने सरळ करणं, गोंदाचा डबा ढवळणं, हत्यारांच्या पेटीतून मिस्त्रीच्या हाताला जे लागेल ते तो मागायच्या आधी देणं, आणि दिवसभर पॉलिश पेपर घासणं. घासून घासून बोटांच्या टोकांची कातडी इतकी गुळगुळीत झाली की घरी आईने दिलेला स्टीलचा पेला हातातून निसटायचा. कटर मशीन सुरू झालं की कानात एक किंचाळी शिरायची आणि जेवणाच्या सुट्टीतही तिथेच राहायची. दुपारी मिस्त्री पावाबरोबर बोंबलाची चटणी खायचा, मी तांदळाची भाकरी आणि सुकट. दोघांच्याही जेवणावर भुशाचा एक पातळ थर असायचा. लाकूड किती चांगलं आहे ते मिस्त्री म्हणे त्या चवीवरून ओळखायचा. मला मात्र सगळं सुकटीसारखंच लागायचं.

आम्ही आचोळ्याला एका चाळीत भाड्याच्या खोलीत राहत होतो. बाबा फोर्टमधल्या एका कंपनीत डिस्पॅचला होते. मूळचे राजापूरकडचे, अंगाने उंच, सहा फुटांना थोडे कमी. खोलीची लांबी त्यांना पुरायची नाही असं नाही, पण एका भिंतीला शिवणयंत्र आणि दुसऱ्या भिंतीला डब्यांची मांडणी असल्यामुळे ते तिरके झोपायचे, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्याकडे, आणि उरलेल्या त्रिकोणात आई. मी बाहेर गॅलरीत. आई वालीवच्या कारखान्यांतल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांना डबे करून द्यायची. अजून उजाडलेलं नसताना स्टोव्हचा पंप सुरू व्हायचा, मग पोळपाटाचा आवाज, मग फोडणी. त्या वासाने गॅलरीतल्या शेजाऱ्यांनाही जाग यायची. दुपारी रिकामे डबे परत आले की ते घासायचे, संध्याकाळची भाजी निवडायची, मधल्या वेळात शेजारणींचे ब्लाउज. आईला आडवं झालेलं मी रात्रीखेरीज पाहिलं नव्हतं. हे मला आता लिहिताना जाणवतं. तेव्हा जाणवलं नव्हतं, कारण भिंत कधी बसलेली पाहिली नाही म्हणून कुणाला आश्चर्य वाटत नाही.

माझ्या कामाबद्दल बाबांनी चाळीत एक अधिकृत आवृत्ती प्रसिद्ध केली होती: “विनू इंटिरिअरमध्ये आहे.” हा शब्द त्यांनी ऑफिसातल्या एका मासिकात वाचला होता. मी भुशाने पांढरा होऊन जिना चढायचो तेव्हा शेजारचे काका विचारायचे, “काय रे, इंटिरिअर बाहेर आलं वाटतं?” बाबा ऐकू न आल्यासारखं करायचे.

नव्या बिल्डिंगच्या नावात तीन शब्द होते. एकाचाही अर्थ आम्हा कामगारांना नीट माहीत नव्हता, आणि ती बांधणाऱ्या शेठला तरी असावा असं वाटत नाही. भाताची खाचरं बुजवून ती उभी राहत होती, पावसात बेडूक अजूनही जुन्या पत्त्यावर येत. बाकीच्या मजल्यांवर विटा लागत असतानाच तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट आधी सजवायचा होता. याला सॅम्पल फ्लॅट म्हणतात. गिऱ्हाईक येतं, तो फ्लॅट बघतं, आणि न झालेला दुसरा फ्लॅट घेतं. त्या सॅम्पल फ्लॅटचं लाकूडकाम पास्कल मिस्त्रीकडे होतं.

बेडरूमच्या पलंगाची मापं मिस्त्रीने मला लिहून घ्यायला सांगितली तेव्हा मी म्हणालो, “मिस्त्री, हा लहान मुलांचा ना?”

“मोट्यांचा.”

“सव्वापाच फूट?”

“लिव गपचूप.”

मग रंधा मारता मारता त्याने समजावलं. नेहमीचा सव्वासहा फुटी पलंग त्या खोलीत टाकला तर कपाटाचं दार उघडत नाही आणि चालायला जागा राहत नाही. पलंग फूटभर लांबीला, अर्धा फूट रुंदीला कमी केला की खोली मोठी दिसते. कपाट नुसतं पुढून, आत हँगर आडवा राहणार नाही एवढं उथळ, म्हणून त्याची दारं खिळ्यांनी बंद. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या बुटक्या. उशा खास शिवून घेतलेल्या. खोल्यांना दारं लावायचीच नाहीत, दार जागा खातं. आणि त्या घरात खऱ्या मापाची एकही वस्तू जाता कामा नये, वर्तमानपत्रसुद्धा नाही, कारण पलंगावर पेपर पडला की पलंग केवढा आहे ते कुणालाही कळतं.

“म्हंजे ही फसवनूक झाली,” मी म्हणालो. तोपर्यंत मी त्याच्यासारखं बोलायला लागलो होतो.

“खोली लहान नाय रे पोरा,” मिस्त्री म्हणाला, “मानसं मोटी हायेत.” मग त्याने रंध्यातला भुसा फुंकला. “मला पन नाय आवडत. पन सव्वासहाचा केला तर शेठ दुसरा सुतार आनील, आनि तो पाच फुटाचाच करील.”

आता मोबाइलवर असल्या फ्लॅटचे व्हिडिओ येतात. एक मुलगी हात पसरून खोलीत गिरकी घेते. माझं लक्ष तिच्या मागच्या उशीवर असतं.

ही सगळी माहिती पोटात घेऊन मी एका संध्याकाळी घरी आलो, तर बाबांच्या हातात त्याच बिल्डिंगचं गुळगुळीत पुस्तक होतं. ऑफिसातल्या सावंतांनी आणलं होतं. कंपनीने बाबांना लवकर निवृत्तीचा पर्याय दिला होता, त्यातून जे मिळणार होतं ते सगळं घरात घालायचं असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आयुष्यात एकदाच येणारी रक्कम, आणि तीही मी जिन्यावरून वाहून नेलेल्या प्लायमध्ये जाणार होती. मी भाताला हात लावायच्या आधीच सांगितलं: पलंग लहान आहे, कपाट खोटं आहे, ती खोली खोली नाही.

“तू कधीपासून आर्किटेक्ट झालास?” बाबा म्हणाले.

“मीच घासलाय तो पलंग, बाबा.”

“घासलास ना? मोजायचं काम दुसऱ्याचं असतं.” त्यांनी पुस्तकातला नकाशा उघडून माझ्या ताटाशेजारी ठेवला. “हे बघ, बेडरूम. हा पलंग. दोन्ही बाजूंना जागा. हे छापलेलं आहे.”

“चित्रातला पलंगही लहानच काढलाय.”

बाबांचा छापील गोष्टींवर विश्वास होता. डिस्पॅचमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाचा असायचाच. ते म्हणाले, “एवढी मोठी माणसं काय एका सुताराच्या सांगण्यावरून चित्र काढतात?” आईने मला कुळथाचं पिठलं वाढलं आणि हळूच म्हणाली, “बघून तर येऊ. बघायला काय जातंय?”

उद्घाटनाचा रविवार उजाडला. पास्कल मिस्त्री चर्चमधली पहाटेची मिस्सा उरकून इस्त्रीच्या शर्टात आला होता. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. खाली मांडव, सनई कॅसेटवर, आणि फीत कापायला एक स्थानिक पुढारी. दाराला दारच नसल्यामुळे फीत चौकटीला चिकटपट्टीने लावली होती, आणि कात्री लागायच्या आधीच ती एका बाजूने सुटली. पुढाऱ्यांनी ती सुटलेली फीत हातात धरून व्यवस्थित कापली. टाळ्या झाल्या. बेडरूममध्ये माझी नेमणूक होती, नवीन शर्ट आणि हातात मऊ फडकं. एकच काम: पलंगावर कुणाला बसू द्यायचं नाही. कुणी टेकायला लागलं की म्हणायचं, “साहेब, पॉलिश ओलं आहे.” पॉलिश आठवड्यापूर्वीच वाळलं होतं. पुढारी आत आले. त्यांचा देह त्या पलंगासमोर असा दिसत होता की मिस्त्रीने डोळे मिटून छातीवर क्रूस केला. पुढारी वळून बसायच्या बेतात असताना मी माझं वाक्य म्हटलं. त्यांनी पलंगाच्या कडेवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि मागच्या लोकांना जाहीर केलं, “हां, ओलं आहे. चांगल्यातलं आहे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढे आयुष्यात मी बरीच भाषणं ऐकली, पण ज्ञानाचा तेवढा मोठा आविष्कार परत पाहिला नाही.

बाबा दुपारी आले. बरोबर सावंत, आणि मागे पदराने घाम पुसत आई. स्टेशनपासून ते चालत आले होते. सकाळचे डबे देऊनच आई निघाली होती. सावंतांनी मला ओळखलं, फडक्याकडे पाहिलं. बाबा घाईघाईने म्हणाले, “इथलं फिनिशिंग यांच्याकडे आहे.” ‘यांच्याकडे’ म्हणजे माझ्याकडे. बाबांनी मला अहोजाहो केल्याचा तो एकमेव प्रसंग.

बेडरूममध्ये एसी लावलेला होता. आम्हा कामगारांनाही तो त्या दिवशीच पहिल्यांदा लागलेला दिसला. बाबा नकाशा काढून भिंती पाहू लागले, सावंत खिडकीतून हवा किती छान येते ते सांगू लागले, खिडकी बंद होती. आणि आई, तिला कुणी काही सांगायच्या आत, पलंगाच्या कडेला बसली. मी म्हणालो, “आई, पॉलिश...” तिने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, पण माझं वाक्य तिथेच थांबलं. मग तिने चपला काढून जोडीने बाजूला ठेवल्या, पाय वर घेतले, कुशीवर वळली आणि डोक्याखाली ती खास शिवलेली उशी ओढली. आई चार फूट दहा इंच असेल. पलंग तिला इतका नेमका बसला की तिच्यासाठीच माप घेतल्यासारखं वाटलं. पायांच्या खालीही चार बोटं जागा राहिली. मला वाटलं उठेल. ती उठली नाही. एसीच्या घरघरीत तिचा श्वास लांब होत गेला, आणि ती झोपली, परक्याच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये, रांगेतल्या माणसांसमोर.

शेठची विक्री बघणारी कोट घातलेली मुलगी धावत आली, तिने दृश्य पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. “बघा सर,” ती रांगेतल्या लोकांना हळू आवाजात म्हणाली, “किती ऐसपैस! आणि किती रिलॅक्स!” लोक चवड्यांवर चालत आत येऊ लागले. एका बाईने नवऱ्याला कोपराने ढोसलं, “आपल्याला हीच बेडरूम पाहिजे.” जे मी चार दिवस घरात ओरडून खोटं ठरवू शकलो नव्हतो ते माझ्या आईने झोपून खरं करून टाकलं होतं.

मी बाबांच्या जवळ गेलो. “बाबा, ती उठल्यावर तुम्ही पडून बघा. एकदाच.”

मिस्त्री दाराच्या चौकटीत उभा होता, त्याने ऐकलं. बाबांनी पलंगाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. मला वाटतं त्यांना तेव्हाच दिसलं होतं. पण शेजारी सावंत होते. “चारचौघांत झोपायला मी धर्मशाळेत आलोय का?” ते म्हणाले आणि टोकनचं विचारायला बाहेर गेले. बाहेर इतकी गर्दी होती की त्यांना पुढच्या रविवारी चेक घेऊन या असं सांगण्यात आलं. बाबा समाधानाने मान हलवत परतले, मुहूर्त मिळाल्यासारखे.

आई किती वेळ झोपली ते मला सांगता येणार नाही. मी फडकं हातात धरून तिच्या उशाशी उभा होतो. जाग आली तेव्हा ती गोंधळली, चपला घालताना उजवी डावी झाली. “डबे राहिले का?” हा तिचा पहिला प्रश्न. रविवार आहे, आज संध्याकाळचे डबे नाहीत, असं मी सांगितल्यावर ती ओशाळून हसली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री मला एवढंच म्हणाला, “बापाला काय सांगायचं ते घरात सांग. साइटवर नाय. माजी पन पोरं हायेत.” त्याचं खरं होतं, आणि माझंही खोटं नव्हतं, त्यामुळे दोघेही दिवसभर खिळे ठोकत राहिलो.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तो आमच्या चाळीत उगवला. अंगात मिस्सेचा शर्ट. बाबांनी त्याला खुर्ची दिली, घरात एकच होती. आईने चहा टाकला. मिस्त्रीने कप दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, “साहेब, मी आपला निरोप घेऊन आलो. माज्या मनात काय नाय. शेठने इचारलंय, वहिनी रविवारचं येतील का तिथं.”

“कशाला?” बाबांनी विचारलं.

“काय करायचं नाय. नुसतं पडायचं. दुपारचे दोन-तीन तास. शेठ बोलला, त्या दिवशी जेवढे फ्लॅट गेले तेवढे...” त्याने कप बशीत गोल फिरवला. “हजेरी देईल बोलला. जायचं-यायचं रिक्षाभाडं पन.”

बाबा उठून उभे राहिले. आमच्या खोलीत ते उभे राहिले की बल्बचा उजेड कमी व्हायचा. “माझी बायको काय दुकानाच्या काचेतली बाहुली आहे? तिने तिथे झोपायचं आणि लोकांनी बघायचं? आमच्या घरातल्या बाईला झोपायचा पगार देणार तो?”

“मी बोल्लो होतो शेठला, घर चांगलं हाय म्हनून...” मिस्त्री पुटपुटला.

“ओरडू नका हो,” आई स्टोव्हपाशी बसल्या जागेवरून म्हणाली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही, कणीक मळत होती. “त्यात एवढं काय आहे? झोपायचा तरी कुणी देतोय. उठायचा तर आजवर कुणी दिला नाही.”

मला वाटलं ती हसेल, थट्टा असेल. पण तिने नुसता गोळा उलटा केला आणि परत दाबायला लागली. मिस्त्रीने चहा एका घोटात संपवला, “येतो वहिनी,” म्हणाला, आणि जिन्यात त्याच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाबा उभेच होते. बसायला खुर्ची रिकामी झाली होती, पण ते बसले नाहीत.

जेवताना ते म्हणाले, “त्या बिल्डिंगमध्ये आपण घेत नाही.” कारण दिलं नाही. माप पटलं की अपमान झोंबला की आईचं वाक्य, मला आजवर कळलेलं नाही, आणि त्यांनी सावंतांना ‘पार्किंग बरोबर नाही’ असं सांगितलं. आमच्याकडे सायकल होती. ते गुळगुळीत पुस्तक पुढे आईने फळीवर अंथरायला घेतलं. आम्ही घर घेतलं ते बऱ्याच उशिरा, जुनं, गळकं, पण दारं असलेलं. पास्कल मिस्त्रीबरोबर मी आणखी वर्षभर होतो. खऱ्या मापाची कामंही केली. ती आठवत नाहीत.

तो पुढचा रविवार मात्र आठवतो, चेक द्यायचा होता तो. दुपारी जेवणं झाली. आई भांडी गोळा करायला लागली तशी बाबांनी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि मोरीत ठेवलं, घासायचं त्यांना येत नव्हतं, नुसतं ठेवलं. मग शिवणयंत्र भिंतीला आणखी सरकवलं, चटई अंथरली, सरळ, तिरकी नाही, आणि म्हणाले, “पड जरा.” आई म्हणाली, “काय झालंय तुम्हाला?” बाबा पेपर आणि ट्रान्झिस्टर घेऊन बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. ते दार दिवसा लागलेलं मी प्रथमच पाहिलं. गॅलरीत ऊन भाजत होतं. बाबा उलट्या बादलीवर बसले, ट्रान्झिस्टर मांडीवर, बंद. मी कठड्याला टेकून होतो.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, “केवढा होता रे तो पलंग?”

“सव्वापाच.”

“तिला पुरला.”

“हो.”

आतून काही आवाज नव्हता, पोळपाट नाही, पंप नाही. तेवढ्यात खालून रद्दीवाल्याची हाक आली, लांबलचक, चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारी. बाबा ताडकन उठले. चपला आत राहिल्या होत्या. दार वाजू नये म्हणून त्यांनी त्या आणल्या नाहीत. तापलेल्या लोखंडी जिन्यावरून ते अनवाणी, पाय उचलत उचलत, ओरडू नको असा हात हलवत खाली निघाले.